मानवी व्यापार : सुटकेच्या आधी आणि सुटकेनंतर

संपादक मंडळाने या वर्षीच्या अंकासाठी मानवी व्यापार आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्य या विषयावर लिहा असे सुचविले, तेव्हा वर्गातलीच टिपणे थोडी सोपी करून द्यावीत असा मोह मला झाला होता. समाजशास्त्राच्या तासाला हा विषय मी वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे. व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय अशा चार मथळ्यांखाली सगळे तयार आहे. परंतु त्या चार मथळ्यांत एक मुलगी बसत नाही, आणि विषय मला खरा कळू लागला तो तिच्यामुळे. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते.

२००९ सालच्या जूनमधील गोष्ट. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी खिडकीवर त्या दिवशी माझी नेमणूक होती. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्या आणि पालकांची गर्दी. रायबागकडील एक मुलगी अर्ज घेऊन पुढे आली. गुण चांगले, कागदपत्रे व्यवस्थित. फक्त वडिलांच्या नावाचा रकाना कोरा. मी विचारले, ‘वडिलांचं नाव?’ तिने एक नाव सांगितले. ते बाईचे होते. ‘अगं, आईचं नव्हे, वडिलांचं विचारते आहे,’ असे मी म्हणाले, आणि गर्दीमुळे जरा मोठ्यानेच म्हणाले. तिने अर्ज परत घेतला, त्याची नीट घडी घातली आणि ती निघून गेली. तिच्या मागचा विद्यार्थी पुढे सरकला. मीही त्याचा अर्ज हाती घेतला.

सायंकाळी स्टाफरूममध्ये ही हकीगत मी सहज सांगितली, तेव्हा कन्नड विभागातील माझ्या सहकारी बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही देवदासीच्या मुलीला तिच्या बापाचं नाव विचारलंत.’ देवदासी प्रथेवर दोन-दोन तास व्याख्यान देणाऱ्या मला समोर उभी असलेली मुलगी ओळखता आली नव्हती. पुढच्या रविवारी मी त्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यालयात गेले. तेथील कार्यकर्तीला सगळे अक्का म्हणत; त्या स्वतः लहानपणी देवीला सोडलेल्या. माझे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. बिचारीला वडिलांचे नाव माहीत नसणार हे माझ्या ध्यानात यायला हवे होते, असे मी म्हणाले, तेव्हा त्या हसल्या. ‘बाई, नाव म्हाईत नाही म्हणून गेली व्हय ती? नाव समद्या गावाला म्हाईत हाय. त्यो माणूस तिच्याच गावात ऱ्हातोय, दोन गल्ल्या पलीकडं. त्याचं नाव लिवायची तिला मुभा नाही, एवढंच.’

त्या मुलीला त्याच आठवड्यात दुसऱ्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. अक्का स्वतः तिच्याबरोबर गेल्या होत्या. खिडकीवर बसलेल्या माणसाशी आधी त्या एकट्याच जाऊन बोलल्या आणि मग त्यांनी मुलीला पुढे केले. स्वयंसेवी संस्था नेमके काय करतात, या प्रश्नाचे मला मिळालेले पहिले उत्तर हे होते.

आता व्याख्येकडे वळू. आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच वाक्यात मनाई केली आहे. १९५६ साली स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध कायदा झाला. १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याचे नाव ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ असे झाले. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली पालेर्मो संकेत स्वीकारला, आणि २०१३ साली आपल्या दंडसंहितेच्या ३७० व्या कलमात जवळपास त्याच धर्तीवर व्यापक व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिचे १४३ वे कलम हेच सांगते. या व्याख्येचे तीन भाग विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत : कृती, मार्ग आणि हेतू. माणसाला मिळविणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे ही कृती; धाक, फसवणूक, आमिष, पैसा किंवा अधिकाराचा दुरुपयोग हा मार्ग; आणि शोषण हा हेतू. शोषण केवळ वेश्याव्यवसायातलेच असते असे नाही. सक्तीची मजुरी, गुलामी, अवयव काढून घेणे हेही त्यात येते. आणि वरील मार्गांनी मिळविलेल्या संमतीला कायदा काडीचीही किंमत देत नाही.

‘तस्करी’ हा शब्द मी मुद्दामच टाळते. तो उच्चारला की मुलांच्या डोळ्यांपुढे सोन्याच्या विटा आणि रात्रीच्या होड्या उभ्या राहतात, सीमा ओलांडल्याशिवाय गुन्हा घडलाच नाही असे वाटू लागते. या व्यापाराला सीमा ओलांडावी लागत नाही. एस. टी.चे तिकीट पुरते. नेणारा बहुधा ओळखीचा असतो, पुष्कळदा नात्यातला.

आपल्या सीमाभागात तर या व्यापाराने अनेक वर्षे देवीचा आधार घेतला. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल बेळगाव, विजापूर, बागलकोट आणि पलीकडे कोल्हापूर, सांगली या भागांत होती. सोडलेल्या मुली बहुतांशी भूमिहीन दलित कुटुंबांतल्या. केसांत जट आली, घरात आजार पाठीस लागला, मुलगा झाला नाही, असे काहीही निमित्त पुरे होई. मुलगी सोडली की तिचे लग्न होत नसे, ती घरातच राही आणि मुलासारखे घर चालवी, हुंडाही वाचे. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे ‘मुत्तू’ बांधले की तिच्यावर कुणा एका पुरुषाचा हक्क नाही, म्हणजे कुणाचाही आहे, असे गाव समजे. पहिली काही वर्षे गावातलाच एखादा सधन पुरुष तिला ‘ठेवी’. त्याचे मन उडाले की निपाणी, मिरज, सांगली, पुणे, मुंबई, गोवा अशी वाट सुरू होई. या वाटेवर दलालाला फारसे खोटे बोलावेच लागत नसे. समाजाने त्याचे काम अर्धेअधिक आधीच करून ठेवलेले असे. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी राजन गवस यांची ‘चौंडकं’ आणि उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ या कादंबऱ्या वाचल्या असतील. त्या दोन्ही याच परिसराच्या दुःखातून आल्या आहेत.

कायदे नव्हते असे नाही. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच देवदासी संरक्षण कायदा झाला होता. कर्नाटकाने १९८२ साली समर्पणास बंदी करणारा कायदा संमत केला आणि तो १९८४ मध्ये अमलात आला. महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ सालचा. कर्नाटकाच्या त्या कायद्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. समर्पण करविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पण तो आईबाप किंवा नातलग असेल तर शिक्षा अधिक, म्हणजे दोन ते पाच वर्षे. तत्त्वतः हे योग्यच वाटते. प्रत्यक्षात मात्र कोणती मुलगी आपल्या आईला तुरुंगात धाडण्यासाठी पोलिसांत जाईल? त्यामुळे तक्रारी येईनात, आणि देवळापुढे उघड होणारा विधी घरातल्या देव्हाऱ्यापुढे दार लावून होऊ लागला. कर्नाटक शासनाच्या १९९३-९४ च्या पाहणीत २२,८७३ देवदासींची नोंद झाली. २००७-०८ च्या पाहणीत आणखी भर पडून ही संख्या ४६,६६० वर गेली. या याद्यांत ज्यांचे नाव आले त्यांना पेन्शन, घर, कर्ज यांसाठी अर्ज करता येतो. ज्यांचे राहिले त्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत राहतात. त्यांच्याबरोबर त्या पायऱ्या चढणे हेच संस्थांचे निम्मे काम आहे.

या भागातील संघटित प्रयत्नांचा आरंभ सांगावयाचा तर १९७५ साली गडहिंग्लजला भरलेल्या देवदासी परिषदेपासून सांगावा लागेल. डॉ. बाबा आढाव आणि प्रा. विठ्ठल बन्ने यांचा तीत पुढाकार होता. त्याआधी देवदासी हा धर्मसुधारणेचा विषय मानला जाई. परिषदेनंतर पेन्शन, शिक्षण, विवाह आणि मुलांचे हक्क अशी भाषा सुरू झाली. पुढे १९८५ साली अथणीला वकील बी. एल. पाटील यांनी ‘विमोचना’ ही संस्था काढली. त्यांचे एक म्हणणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. आईला समजावण्यात वर्षे घालवाल तोवर तिची मुलगी वयात येते; तेव्हा आधी मुलीला त्या घरातून शाळेत आणा. अथणी तालुक्यातील मलाबाद येथे १९९० च्या सुमारास देवदासींच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली ती याच विचाराने. ज्या वयात मुत्तू बांधायचे त्या वयात मुलगी वसतिगृहात असली, म्हणजे कायद्याचे पुस्तक न उघडताही साखळीची एक कडी तुटते.

दुसरा प्रयत्न याहून वेगळा. बेळगाव जिल्ह्यातील माजी देवदासींचे बचतगट १९९० नंतर राज्य महिला विकास महामंडळ आणि ‘मायराडा’ यांच्या प्रकल्पातून बांधले गेले. प्रकल्प संपला की गट विरतात असा आपला अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. त्याच स्त्रियांनी १९९७ साली ‘महिला अभिवृद्धी मत्तू संरक्षण संस्थे’ या नावाने स्वतःची संस्था नोंदविली; घटप्रभा येथे तिचे कार्यालय आहे. चिकोडी तालुक्यातील सीतव्वा जोडट्टी यांनी तिचे नेतृत्व केले. लहानपणी स्वतःच देवीला सोडल्या गेलेल्या या बाईंना २०१८ साली पद्मश्री मिळाली. या संस्थेच्या स्त्रिया जत्रेच्या दिवसांत गावात कुणाच्या घरी काय चालले आहे याची खबर ठेवतात. बाहेरच्या समाजसेविकेला जे महिनाभर हिंडून कळणार नाही ते त्यांना पाणवठ्यावर कळते. आणि आईने ‘आमच्या देवीचं तुम्हाला काय कळतंय?’ असे विचारले, तर गळ्यातले मुत्तू कधीच काढून टाकलेली बाई तिला उत्तर देऊ शकते. ते उत्तर देण्याचा अधिकार माझ्यासारखीला नाही.

येथवर प्रतिबंधाची बाजू झाली. मुलगी एकदा बाजारात पोचल्यावर काय होते, हे मला गोव्यात थोडेफार पाहावयास मिळाले.

वास्को येथील बायणा किनाऱ्यावरची वस्ती अनेकांनी ऐकली असेल. तेथे कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १४ जून २००४ रोजी, ऐन पावसाळ्यात, ती वस्ती पाडण्यात आली. तेथे आधीपासून काम करणाऱ्या ‘अन्याय रहित जिंदगी’ अर्थात ‘अर्ज’ या संस्थेला जो अनुभव आला तो अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जागा मोडली, धंदा मोडला नाही. तो लॉजमध्ये, सदनिकांत आणि पुढे भ्रमणध्वनीवर गेला. पूर्वी कार्यकर्ते एका गल्लीत जाऊन शंभर जणींना भेटत. आता एकीला शोधण्यासाठी शंभर दारे ठोठवावी लागतात. या संस्थेने बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी कपडे धुण्याचा यांत्रिक कारखाना काढला. त्याविषयी पुढे सांगते.

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका निवारागृहाला कन्नड समजणारी बाई हवी होती. माझ्या कन्नड विभागातील सहकारी बाई आणि मी चोर्ल्याच्या घाटातून गेलो. माझे कन्नड बाजारापुरते. मी सोबतीला होते असेच म्हणा. खोलीत जाण्यापूर्वी तेथील समुपदेशक ताईंनी आम्हाला तीन गोष्टी बजावल्या. ‘इथे कशी आलीस’ हे विचारायचे नाही. ती खाली बसली असेल तर आपणही खाली बसायचे. आणि कोणतेही वचन द्यायचे नाही, ‘सगळं ठीक होईल’ हेसुद्धा नाही. या शेवटच्या अटीचे मला नवल वाटले. ताई म्हणाल्या, ‘तिला आजवर ज्यांनी ज्यांनी नेलं, त्या प्रत्येकानं हेच सांगितलेलं असतं.’

मुलगी आमच्याच जिल्ह्यातली होती. आणखी तपशील देत नाही; देणे योग्य नव्हे आणि कायद्यालाही ते मंजूर नाही. दलालाने पढविलेले नाव आणि पढविलेले वय ती हिंदीत सांगत होती. सहकारी बाईंनी तिला कन्नडमध्ये एवढेच समजावून सांगितले की ही जागा तुरुंग नव्हे, अमुक दिवशी दंडाधिकाऱ्यांपुढे जायचे आहे, डॉक्टरांच्या तपासणीला नाही म्हणता येते, आईशी बोलायचे असेल तर बोलता येईल. अर्धा तास ती काहीच बोलली नाही. मग तिने एकच प्रश्न विचारला : ‘नन्न रोक्क एल्लैत्री?’ माझी रोकड कुठे आहे? छाप्याच्या रात्री तिला उभ्या कपड्यांनिशी आणले होते. चार महिन्यांत तिच्या हाती जे थोडे पडले ते खोलीतल्या एका पत्र्याच्या डब्यात राहिले होते. आम्ही तिघी तिच्या सुटकेविषयी बोलत होतो आणि तिच्या दृष्टीने त्या रात्री तिची चोरी झाली होती.

ताईंनी तो डबा मिळविण्यासाठी पोलिसांना पत्र दिले, पंचनाम्याची नक्कल मागितली, तीन हेलपाटे घातले. डबा मिळाला नाही. पण ताई आपल्या डब्यासाठी हेलपाटे घालते आहे हे त्या मुलीने पाहिले, आणि मग एके दिवशी आपले खरे नाव सांगितले. हे मला नंतर फोनवर कळले.

छापा ही वृत्तपत्रांत छापून येणारी बाजू असल्याने तीच मोठी वाटते. वास्तविक तो एका रात्रीचा प्रकार आहे. कायद्याने त्यालाही नियम घातले आहेत : झडतीच्या वेळी परिसरातील दोन प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून हव्यात आणि त्यांतील एक स्त्री असावी, पोलिसांबरोबर किमान दोन महिला पोलीस असाव्यात, बाहेर काढलेल्या स्त्रीची विचारपूस महिला पोलिसाने करावी, किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला कार्यकर्तीसमक्ष व्हावी. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू होते. कुंटणखान्याचा मालक स्वस्थ बसलेला नसतो. कुणी ‘मावशी’, कुणी ‘काका’ शिधापत्रिका घेऊन हजर होतो. मुलगी सज्ञान आहे, तिला आमच्या ताब्यात द्या, असा अर्ज वकिलामार्फत पडतो. मुंबईच्या ‘प्रेरणा’ या संस्थेने अशाच एका प्रकरणात उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये दिलेला निर्णय या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. कुंटणखाना चालविणाऱ्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणातील पीडित मुलींच्या वतीने उभे राहता येणार नाही, आणि अल्पवयीन मुलीला बालकल्याण समितीकडेच सोपविले पाहिजे, असे त्यात ठरले. वाचताना हे इतके उघड वाटते की यासाठी न्यायालयात जावे लागले याचेच आश्चर्य वाटावे.

घरी पाठविण्यापूर्वी घराची चौकशी करावी लागते. तीही कायद्याने मान्यताप्राप्त संस्थेकडून करवून घेता येते. ही चौकशी मी अक्कांना करताना पाहिली आहे. त्या थेट त्या घरी जात नसत. आधी शाळेत जाऊन हजेरीपट पाहात, अंगणवाडीत बसून चहा घेत, आणि मगच त्या गल्लीत जात. चारचाकी गाडी दारात उभी करीत नसत, कारण गाडी आली की सायंकाळपर्यंत गावाला सारे कळते आणि मग मुलगी परत आली तरी तिला राहणे कठीण होते. जो काका तिला न्यावयास आला होता त्यानेच तिला नेऊन पोचविले होते, असेही कधी कधी निघे. अशा वेळी ‘घर’ या शब्दाचा अर्थ काय करावयाचा?

खटला उभा राहण्यास वर्षे लागतात. मुलगी एव्हाना बेळगावात किंवा बंगालात, न्यायालय मुंबईत किंवा पणजीत. कदाचित तिचे लग्न झालेले असते, आणि समन्स घेऊन पोलीस दारात आला तर तो संसार मोडण्याची भीती असते. म्हणून संस्था पत्ता आपला देतात, प्रवासात सोबत करतात, व्हिडिओद्वारे साक्ष व्हावी असा अर्ज देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली अशी साक्ष ग्राह्य ठरविली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून नुकसानभरपाई मिळू शकते हे तर पुष्कळ वकिलांनाही सांगावे लागते.

पोटाचा प्रश्न यापेक्षा अवघड. आपल्याकडे स्त्रियांचे पुनर्वसन म्हटले की शिवणयंत्र ठरलेले. त्यात दोष यंत्राचा नाही. पण एका गावात किती परकर शिवले जाणार? हैदराबादेत १९९६ साली ‘महबूब की मेहंदी’ ही वस्ती उठविली गेली, तेव्हा सुनीता कृष्णन आणि ब्रदर जोस यांनी सुरू केलेल्या ‘प्रज्वला’ या संस्थेने मुलींना वेल्डिंग आणि सुतारकाम शिकविले. गोव्यात ‘अर्ज’ने कपड्यांची धुलाई निवडली, कारण हॉटेलांच्या गावात चादरी रोज मळतात. बाजारात ज्याला मागणी आहे ते शिकवावे, ही साधी व्यापारी बुद्धी दयाबुद्धीपेक्षा अधिक उपयोगी पडलेली दिसते.

मुलांचा विचार मुंबईत सर्वांआधी ‘प्रेरणा’ने केला. प्रीती पाटकर यांनी १९८६ साली कामाठीपुऱ्यात ही संस्था सुरू केली आणि दोन वर्षांत तेथे रात्रीचे पाळणाघर उघडले. दिवसाची पाळणाघरे सर्वत्र असतात; तेथे गरज रात्रीची होती. आई गिऱ्हाईक घेते तेव्हा मूल खाटेखाली झोपते, हे ज्याने पाहिले त्यालाच ही गोष्ट सुचू शकते.

येथे एक मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. नाहीतर हा लेख एकांगी होईल. आपल्या शेजारच्या सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेच्या आधाराने १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही देहव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचीच संघटना उभी राहिली. तिचे म्हणणे असे की प्रत्येक वेश्या ही पळवून आणलेली नसते. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ‘सोडविणे’ आणि सुधारगृहात कोंडणे हाही अन्याय आहे. मी हे प्रथम ऐकले तेव्हा मला ते पटले नव्हते. त्या डब्याच्या प्रसंगानंतर मात्र मी ते अधिक लक्षपूर्वक ऐकू लागले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही छाप्याच्या वेळी अशा सज्ञान स्त्रियांना अटक, दंड वा छळ होऊ नये, आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्यांची पाहणी करून त्यांना सोडावे, असे निर्देश दिले. माझ्या मते अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत वादाला जागाच नाही; तिला बाहेर काढलेच पाहिजे. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिला आधी विचारले पाहिजे, आणि तिचे उत्तर आपल्याला आवडले नाही तरी ऐकले पाहिजे. मात्र ज्या स्त्रीला बाराव्या वर्षी आणले आणि जी आज पंचविशीत ‘मी राजीखुशीने आहे’ असे म्हणते, तिच्या खुशीचे काय, हा प्रश्न मला सोडविता आलेला नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठे छापे पडले आणि कित्येक नेपाळी मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांच्या सरकारने त्यांना परत घेण्यास टाळाटाळ केली. महिनोन्‌महिने त्या मुंबईतील निवारागृहांत अडकून पडल्या. अखेर नेपाळातील स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेले. त्यांच्यातल्याच काही जणींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना स्थापन केली, आणि २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घटप्रभेच्या स्त्रिया आणि काठमांडूच्या या मुली यांची बहुधा कधी भेट झाली नसेल, तथापि दोहोंनी एकच गोष्ट केली. ज्यांच्यासाठी संस्था चालवायची त्यांनीच संस्था हाती घेतली.

वडिलांच्या नावाच्या रकान्याचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. मुलाच्या पालकत्वासाठी अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. महाराष्ट्राने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा नियम केला. २०२५ साली कर्नाटक विधिमंडळाने देवदासींसंबंधी नवा कायदा संमत केला; आपला पिता कोण हे कायद्याने ठरवून घेण्याचा हक्क त्यात देवदासींच्या मुलांना दिला आहे. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या त्या माणसाची मला तेव्हा आठवण झाली.

आमच्या महाविद्यालयात मात्र बरीच वर्षे मी अर्ज बदलण्याची विनंती करीत होते आणि संगणक रिकामा रकाना स्वीकारीत नाही असे उत्तर येत होते. कारकून मंडळींनी आपल्या परीने वाट काढली होती : ते तेथे एक आडवी रेघ मारीत. पुढे ती रेघ गुणपत्रिकेवरही उमटू लागली, आणि मुलीला नोकरीच्या मुलाखतीत तिच्याबद्दल विचारले जाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी छापील अर्जावर ‘आई / वडील / पालक (कोणतेही एक)’ असा रकाना आला.

गेल्या प्रवेशाच्या वेळी अक्का चार मुलींना घेऊन आल्या होत्या. नेहमीप्रमाणे त्या आधी एकट्याच खिडकीपाशी आल्या. मी त्यांना नवा अर्ज दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो रकाना वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, ‘पर बाई, खिडकीवर तुमी रोज नसतासा.’ मग त्या मुलींबरोबर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.